मनाची पाटी : विद्यार्थ्यांची कार्यस्मृती आणि आपले कर्तव्य

आमच्या संस्थेच्या सायंकालीन अभ्यासवर्गात काही वर्षांपूर्वी इयत्ता पाचवीतील एक मुलगा येत असे. मुलगा शांत, नियमित येणारा, कोणाच्या खोडीत नसलेला. परंतु "वही काढ, पुस्तकाचे बेचाळिसावे पान उघड, तिसरे उदाहरण सोडव आणि ते झाले की पाचवे घे" असे सांगितले की तो वही काढी, पुस्तक उघडी आणि शेजाऱ्याच्या वहीकडे पाहत बसे. फळ्यावरचे उतरवून घेताना त्याची एखादी ओळ हमखास गळत असे. प्रश्न विचारला की उत्साहाने हात वर करी आणि उभे केल्यावर "विसरलो सर" म्हणून खाली बसे. आम्ही 'याचे लक्ष नाही' असे म्हणत राहिलो. त्याच्या प्रगतिपुस्तकावरही तोच शेरा होता.

एके दिवशी त्याच्या आई वर्गावर आल्या. त्या म्हणाल्या, "सर, दुकानातून दोन वस्तू आणायला सांगितल्या तर बरोबर आणतो. चार सांगितल्या तर हात हलवत परत येतो. पण एकदा नीट शिकलेलं मात्र हा कधी विसरत नाही." त्या माउलीने साध्या शब्दांत जे सांगितले ते समजून घेण्यासाठी आम्हा शिकवणाऱ्यांना पुस्तके चाळावी लागली. जे हाती लागले ते सभासद बंधु-भगिनींपुढे, शिक्षकांपुढे आणि विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कार्यस्मृती म्हणजे काय?

स्मरणशक्ती ही एकच एक शक्ती आहे अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वास्तविक पाहता तिचे निदान दोन भाग मानावे लागतात. आपल्या गावाचे नाव, मातृभाषा, पाढे, सायकल चालवण्याचे कसब या गोष्टी वर्षानुवर्षे टिकतात. ही झाली दीर्घकालीन स्मृती. दुसरी आहे ती हातातले काम पुरे होईपर्यंत काही गोष्टी मनात धरून ठेवणारी आणि त्याच वेळी त्यांच्यावर काम करणारी स्मृती. इंग्रजीत तिला 'वर्किंग मेमरी' म्हणतात. आपण तिला कार्यस्मृती म्हणू.

आपल्यापैकी जुन्या मंडळींनी पाटी-पेन्सिलवर धडे गिरवले आहेत. वहीत लिहिलेले राहते. पाटी मात्र लहान, तिच्यावर चार ओळी मावतात आणि पाचवी लिहायची तर पहिली पुसावी लागते. कुणाचा ओला हात लागला तर सगळेच जाते. दीर्घकालीन स्मृती ही वही आणि कार्यस्मृती ही पाटी, असे समजले तर पुढील विवेचन सोपे जाईल.

वाचकांनी एक प्रयोग करून पाहावा. ४७ गुणिले ६ हा गुणाकार कागद न घेता तोंडी करावा. चाळीसची सहापट २४०, ती मनात धरून ठेवायची. मग साताची सहापट ४२ काढायची. मग दोन्हींची बेरीज करून २८२ म्हणायचे. यात अवघड असे काहीच नाही. परंतु मध्येच कोणी "किती वाजले?" असे विचारले तर त्यातले २४० निसटून जातात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. निसटला तो पाटीवरचा आकडा. गुणाकार येत नव्हता असे नव्हे.

पाटी किती मोठी असते?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी सन १९५६ मध्ये एका गाजलेल्या निबंधात असे मांडले की, माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी, दोन इकडे-तिकडे, लक्षात धरू शकतो. पुढे नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये दाखवून दिले की, मनातल्या मनात घोकण्याची किंवा गट करण्याची सोय काढून घेतली तर हा आकडा चारच्या आसपास येतो. ही मर्यादा सुशिक्षित, प्रौढ माणसाची आहे. लहान मुलांची पाटी त्याहून लहान असते आणि वयाबरोबर किशोरवयापर्यंत ती वाढत जाते.

ॲलन बॅडले आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश संशोधकांनी १९७४ मध्ये या पाटीची रचना सांगितली. तिचा एक कप्पा ऐकलेल्या शब्दांचा. त्यातले शब्द पुन्हा पुन्हा उच्चारले नाहीत तर दोनेक सेकंदांत पुसट होऊ लागतात. दुसरा कप्पा डोळ्यांपुढच्या आकृतींचा व जागांचा. या दोहोंवर लक्ष ठेवून कामाची वाटणी करणारा एक मुकादम असतो. शिक्षकांच्या दृष्टीने यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. शब्दांसोबत चित्र किंवा आकृती दाखवली तर दोन्ही कप्पे वापरले जातात. नुसते बोलत राहिले तर एकाच कप्प्यावर सगळा भार पडतो.

सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट सुसान गॅदरकोल व ट्रेसी अलोवे या संशोधिकांनी सांगितली आहे. सात-आठ वर्षांच्या तीस मुलांचा वर्ग घेतला तर त्यात निदान तीन मुलांची कार्यस्मृती सरासरी चार वर्षांच्या मुलाएवढी असते आणि तिघांची सरासरी अकरा वर्षांच्या मुलाएवढी असते, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे एकाच बाकावर, एकाच वयाची आणि एकाच गणवेशातली दोन मुले बसली असली तरी त्यांच्या पाट्या सारख्या नसतात. शिक्षकाची सूचना मात्र दोघांना एकच असते.

ही मुले ओळखायची कशी?

अशी मुले बहुधा गोंधळ घालत नाहीत. मित्रांत चांगली मिसळतात, परंतु वर्गातील चर्चेत गप्प राहतात. लांब सूचनेतले पहिले काम करतात आणि थांबतात. फळ्यावरचे उतरवताना शब्द गाळतात किंवा एकच ओळ दोनदा लिहितात. गणिताची रीत ठाऊक असते, पण आपण कितव्या पायरीवर आहोत हेच हरवते. एवढे झाले की ती खिडकीबाहेर पाहू लागतात आणि आपण म्हणतो, लक्ष नाही. वस्तुतः लक्ष आधी सुटलेले नसते. पाटी भरून सांडली म्हणून ते सुटते. कारण आणि परिणाम यांची ही उलटापालट झाली की मुलाच्या कपाळी 'ढ' हा शिक्का बसतो. आणि ज्याच्या घरात शाळेची पायरी चढणारा तो पहिलाच आहे, त्याच्या बाबतीत तो शिक्का पुसायला घरात दुसरे कोणी नसते. शाळा सुटते ती येथून सुटते.

मराठी संख्यांचे उदाहरण

आपल्या भाषेतलेच एक उदाहरण घेऊ. शिक्षक म्हणतात, "लिहा, सदतीस." मुलाच्या कानी आधी सात पडतात आणि मागून तीस येतात. लिहायचे मात्र आधी तीन आणि मग सात. म्हणजे ऐकलेले सात मनात धरून ठेवायचे, तीस ऐकायचे, क्रम उलटवायचा आणि मग लिहायचे. पाटी लहान असलेले मूल घाईने ७३ लिहून मोकळे होते. 'एकोणसाठ' या शब्दात तर साठातून एक वजा करण्याचे गणित दडलेले आहे. मूल साठ ऐकते आणि ६ लिहायला घेते. मोठ्यांना हे जाणवत नाही, कारण आपल्या वहीत 'एकोणसाठ म्हणजे ५९' हे केव्हाच कायमचे लिहिले गेले आहे.

सन २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत दिली गेली, तेव्हा बराच गदारोळ झाला. वृत्तपत्रांतून टीका झाली, विधानसभेतही प्रश्न निघाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी या पद्धतीची बाजू मांडली होती. जोडाक्षरे व उलटा क्रम यांमुळे मुलांना संख्यावाचन जड जाते, हे त्यामागचे कारण होते. कन्नड, तेलुगू या शेजारच्या भाषांत दशक आधी आणि एकक नंतर येतो, हेही लक्षात घ्यावे. आपल्या जुन्या संख्यानामांचा अभिमान आपल्यालाही आहे आणि ती टिकली पाहिजेत. परंतु चढायला शिकणाऱ्याला काही दिवस कठडा दिला म्हणून जिना बिघडत नाही, असे आम्हास वाटते.

परिस्थितीचा भार

येथे एका नाजूक प्रश्नाला हात घालावा लागतो. आपल्या वस्त्यांतील मुले शिक्षणात मागे पडली की काही लोक सरळ त्यांच्या बुद्धीला दोष देतात. सन २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले एक संशोधन त्यांनी पाहावे. संशोधकांनी तामिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांना ऊसतोडणीपूर्वी, म्हणजे हाती पैसा नसताना, आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर अशा दोन वेळा बुद्धीच्या व लक्ष आवरण्याच्या कसोट्या दिल्या. माणसे तीच होती. पैशाच्या ओढगस्तीत त्यांची कामगिरी खालावलेली आढळली आणि पीक हाती आल्यावर सुधारलेली आढळली. काही महिन्यांत कोणाची बुद्धी वाढत नाही. डोक्यावरची काळजी तेवढी कमी झाली होती.

प्रौढ शेतकऱ्याची ही स्थिती, तर एका खोलीत सहा माणसे, शेजारी मोठ्याने चाललेला टीव्ही, पोटात भूक आणि भाडे थकल्याची आईवडिलांची कुजबुज, अशा परिस्थितीत अभ्यासाला बसलेल्या मुलाच्या पाटीवर किती जागा उरत असेल, याचा विचार प्रत्येक सभासदाने करावा. पाटी लहान असणे वेगळे आणि ती दुसऱ्याच मजकुराने आधीच भरलेली असणे वेगळे. दोन्ही ठिकाणी मूल निर्दोष आहे.

पाटी मोठी करता येते का?

हा प्रश्न पालक हमखास विचारतात. सन १९८० मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने दीड-दोन वर्षांच्या कालावधीत दोनशेहून अधिक तास सराव केला आणि ऐकलेले ७९ अंक क्रमाने म्हणून दाखवले. सुरुवातीला त्याला सातच अंक जमत. परंतु अंकांऐवजी अक्षरे ऐकवली तेव्हा तो पुन्हा सहाच्या आसपास आला. पाटी तेवढीच राहिली होती. तो विद्यार्थी धावपटू होता आणि अंकांचे तीन-तीन, चार-चारांचे गट करून त्यांना शर्यतीच्या वेळा समजत असे. म्हणजे त्याने वहीतल्या ज्ञानाने पाटीवरचा मजकूर बांधून लहान केला.

स्मरणशक्ती वाढवणाऱ्या संगणकीय खेळांचा आढावा २०१३ मध्ये मोनिका मेल्बी-लर्वोग व चार्ल्स ह्युम यांनी घेतला. मुले त्या खेळांत व तशाच कसोट्यांत तेवढ्यापुरती तरबेज होतात, परंतु वाचन व गणित यांत त्याचा लाभ उतरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तेव्हा 'मेमरी पॉवर'च्या जाहिरातींवर कष्टाचे पैसे खर्च करण्यापूर्वी पालकांनी दहा वेळा विचार करावा.

उपाय दुसरीकडे आहे. वहीत पक्के लिहिलेले जेवढे जास्त, तेवढी पाटी मोकळी. ज्याला 'सहा साते बेचाळीस' पाठ आहे त्याला मघाच्या गुणाकारात ते काढत बसावे लागत नाही. आपल्या जुन्या शाळांत पावकी, निमकी, सवायकी पाठ करून घेत, त्यातही हेच होते. पाठांतराला आज नावे ठेवण्याची पद्धत आहे. समजल्याशिवाय केलेले पाठांतर व्यर्थ, हे खरेच. परंतु समजून घेतलेले पाठ करणे हा पुढच्या विचाराचा पाया आहे.

हे आपल्या परंपरेलाही अपरिचित नाही. भगवान बुद्धांचा उपदेश कित्येक पिढ्या भाणक भिक्खूंनी मुखोद्गत राखला आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात तो श्रीलंकेत लिहून काढला गेला. चार आर्यसत्ये, पंचशील, अष्टांगिक मार्ग अशी संख्येने बांधलेली मांडणी आणि एकच वाक्यरचना पुन्हा पुन्हा येणे यांचा पाठ राखण्यास मोठा आधार होता. अंगुत्तर निकायात तर एकापासून अकरापर्यंत संख्येच्या क्रमानेच सुत्ते लावलेली आहेत. ऐकणाऱ्याच्या मनाची मर्यादा ओळखून केलेली ही मांडणी आहे, असे आम्ही मानतो.

शिक्षकांनी काय करावे?

आमच्या वर्गात करून पाहिलेल्या व संशोधनाचा आधार असलेल्या काही गोष्टी येथे देत आहोत. त्यांना पैसा लागत नाही.

१) एका वेळी एकच सूचना द्यावी. ती लहान वाक्यात असावी आणि कामाच्या क्रमाने असावी. "गोष्ट वाचण्यापूर्वी प्रश्न वाचा" याऐवजी "आधी प्रश्न वाचा. मग गोष्ट वाचा" असे म्हणावे. सूचना देऊन झाल्यावर एखाद्या मुलाकडून ती परत वदवून घ्यावी.

२) पायऱ्या फळ्याच्या कोपऱ्यात क्रमांक घालून लिहाव्यात आणि काम संपेपर्यंत पुसू नयेत. जे फळ्यावर आहे ते मनात धरून ठेवावे लागत नाही.

३) शाब्दिक उदाहरण तोडून द्यावे. 'एका मुलीने १२ रुपयांस एक याप्रमाणे ५ वह्या घेतल्या व १०० रुपयांची नोट दिली, तर तिला किती रुपये परत मिळतील?' यात मुलाला तीन संख्या, दोन क्रिया आणि त्यांचा क्रम एकदम सांभाळावा लागतो. आधी 'वह्यांची किंमत किती?' एवढेच विचारावे. उत्तर ६० लिहून घ्यावे. मग पुढचा प्रश्न विचारावा.

४) नवी रीत शिकवताना आधी दोन-तीन उदाहरणे पूर्ण सोडवून दाखवावीत, मग अर्धे सोडवलेले द्यावे, शेवटी कोरे द्यावे. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर व ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणिताच्या प्रयोगात दाखवले की, सोडवलेली उदाहरणे अभ्यासणारे नवशिके विद्यार्थी नुसती उदाहरणे सोडवत बसणाऱ्यांपेक्षा कमी वेळात शिकतात. मात्र रीत अंगवळणी पडली की हा आधार काढून घ्यावा. येणाऱ्याला तोच आधार अडचण होतो.

५) फळ्यावरून लांबलचक उतारा लिहायला लावू नये. नवख्या मुलाला 'विद्यार्थ्यांनी' हा एक शब्द म्हणजे चार वेळा मान वर-खाली करणे असते. मजकूर बाकावर ठेवावा किंवा छापील द्यावा.

६) पाढ्यांचा तक्ता, शंभरपर्यंतच्या संख्यांचा तक्ता, जोडाक्षरांचा तक्ता भिंतीवर असावा. त्याकडे पाहणे ही लबाडी नव्हे.

७) प्रश्न विचारल्यावर थोडे थांबावे. 'विसरलो' म्हणणाऱ्याला खाली बसवू नये. "कुठपर्यंत आठवते?" असे विचारावे. बहुतेक वेळा तेथून त्याला वाट सापडते.

विद्यार्थ्यांनी व पालकांनी काय करावे?

विद्यार्थी मित्रहो, आपल्याला चार गोष्टी एकदम लक्षात राहत नाहीत म्हणून स्वतःला कमी लेखू नका. कच्चे काम कागदावर करा, तोंडी करून दाखवण्याच्या फंदात पडू नका. मोठी माहिती तीन-चार गटांत बांधा. अभ्यासाला बसताना मोबाईल दुसऱ्या ठिकाणी ठेवा, कारण त्याची प्रत्येक घंटी पाटीवर ओला हात फिरवते. आणि धडा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहा. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिके यांच्या २००६ सालच्या प्रयोगात पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले, परंतु आठवड्याने आठवून पाहणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. वहीत पक्के उतरते ते अशाने.

पालकांनी घरात एक तास तरी आवाज बंद ठेवावा आणि मुलाला एका वेळी एकच काम सांगावे. ज्या सभासदांच्या घरी जागा आहे त्यांनी शेजारच्या दोन मुलांना रोज तासभर ती द्यावी. वस्तीत अभ्यासिका असावी असा आग्रह आम्ही धरतो तो याचसाठी. शांत कोपरा ही चैनीची वस्तू नव्हे, पाटीवर जागा करून देणारी ती गरज आहे.

शेवटी त्या मुलाविषयी. त्याच्या आईचे बोलणे ऐकल्यावर आम्ही त्याला पुठ्ठ्याचे एक कार्ड करून दिले. त्यावर गणिताच्या पायऱ्या लिहिल्या. सूचना एकेक करून देऊ लागलो आणि पाढे समजावून रोज दहा मिनिटे म्हणून घेतले. चमत्कार काही झाला नाही. तो पहिला आला नाही. पण तो वर्गात बोलू लागला, उदाहरणे पुरी करू लागला आणि दहावी उत्तीर्ण झाला. पुढे आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा अभ्यासक्रम करून आज तो कामावर आहे. मागे संस्थेच्या सभागृहाचे वायरिंग करायला तोच आला होता. काम सुरू करण्यापूर्वी त्याने खिशातून चिठ्ठी काढली, कामे क्रमाने लिहिली आणि एकेक खोडत गेला. आम्ही पाहत आहोत हे पाहून तो म्हणाला, "सर, अजून चार गोष्टी एकदम राहत नाहीत डोक्यात."

काम मात्र चोख झाले होते. त्या मुलाला 'लक्ष नाही' म्हणून आम्ही जवळजवळ गमावले होते. आपल्या वर्गात, आपल्या घरात असा आणखी कोणी खिडकीबाहेर पाहत बसला असेल, तर त्याला रागावण्यापूर्वी आपली सूचना किती लांब होती, हे एकदा मोजून पाहावे, एवढीच सर्वांना विनंती.